भारतभर फिरताना मुक्काम कुठे करावा: हवेलीपासून चांगघरापर्यंत

सहलीची आखणी करताना आपल्याकडे आधी पाहण्याची ठिकाणे ठरतात, मग रेल्वेची तिकिटे काढली जातात आणि मुक्कामाचा विषय सगळ्यात शेवटी, रात्रीची जेवणे झाल्यावर, मोबाईलवर बोट सरकवत "स्वच्छ आणि बजेटमध्ये" एवढ्या एकाच निकषावर उरकला जातो. त्यामुळे जोधपूरला जी खोली मिळते तीच शिलाँगला आणि तीच मदुराईला मिळते: तीच पांढरी चादर, तोच चहाच्या किटलीचा ट्रे, तीच न उघडणारी काचेची खिडकी. वस्तुतः संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंतचे चौदा तास आपण मुक्कामाच्या जागीच काढतो. ज्या देशात एका दिवसाच्या प्रवासात घराचे छप्पर, अंगण, चूल आणि न्हाणीघर बदलते, तेथे हे चौदा तास एकाच साच्याच्या खोल्यांत घालवणे म्हणजे निम्मी सहल न करताच परतण्यासारखे आहे.

वैशिष्ट्यपूर्ण मुक्काम म्हणजे भिंतीवर टांगलेली ढाल-तलवार किंवा स्वागताला लावलेले कुंकू नव्हे. माझी कसोटी साधी आहे. ती वास्तू त्या भागातल्या हवेसाठी आणि तिथल्या माणसांच्या राहणीसाठी बांधलेली असावी, आणि ती तशी का बांधली हे सांगू शकणारे माणूस आजही तिथे राहत किंवा वावरत असावे. या दोन गोष्टी जुळल्या तर शेणाने सारवलेली जमीनही पुरते आणि न जुळल्या तर राजवाडाही नाटकाचा सेट वाटतो. अशा जागा निवडायला थोडा अभ्यास लागतो, दोन-चार फोन करावे लागतात आणि काही गैरसोयींची तयारी ठेवावी लागते. तो अभ्यास कोणत्या क्रमाने करावा हे पुढे मांडले आहे.

आधी रात्री मोजाव्यात

पहिली चूक उत्साहातून होते. दहा रात्रींची सहल असेल तर दहाही रात्री निरनिराळ्या हवेल्यांत, झोपड्यांत आणि बोटींत काढायच्या असे ठरवले जाते, आणि पाचव्या रात्री घरातले ज्येष्ठ नागरिक गरम पाण्याच्या शॉवरसाठी आणि मुले वायफायसाठी व्याकूळ होतात. दहापैकी चार किंवा पाच रात्री अशा मुक्कामासाठी राखाव्यात, बाकीच्या रात्री साध्या हॉटेलात काढाव्यात आणि कपडे धुणे, बॅगा लावणे, बँकेची कामे तिथे उरकावीत. यात कमीपणा काही नाही.

ज्या दिवशी सात-आठ तासांहून अधिक प्रवास आहे त्या दिवशीचा मुक्काम नेहमी साधाच ठेवावा. जुने घर किंवा खेड्यातले घर शोधायला वेळ लागतो, शेवटचा रस्ता अनेकदा कच्चा असतो आणि तिथला स्वयंपाक आपल्या येण्याच्या वेळेवर बेतलेला असतो. रात्री दहाला थकून पोहोचणाऱ्या पाहुण्याला त्या घराचे काहीच दिसत नाही आणि यजमानाचीही झोपमोड होते. त्याचप्रमाणे अशा प्रत्येक जागी निदान दोन रात्री राहावे. पहिली संध्याकाळ दिवे कुठे लागतात, पाणी कुठून येते आणि कुत्रा चावतो का हे समजण्यातच जाते. घर उलगडते ते दुसऱ्या दिवशी.

उदाहरणादाखल गुजरातची सात रात्रींची सहल घेऊ. पहिल्या दोन रात्री अहमदाबादच्या जुन्या शहरातल्या एखाद्या 'पोळ'मध्ये, म्हणजे दाट वस्तीच्या जुन्या गल्लीत, काढाव्यात. २०१७ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या या शहरात लाकडी कोरीवकामाची, आतल्या चौकाभोवती बांधलेली आणि खाली पावसाचे पाणी साठवण्याचे टाके असलेली घरे आहेत, आणि त्यांपैकी काहींत पाहुण्यांची सोय होते. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी दारापर्यंत जात नाही, त्यामुळे सामान मोजकेच असावे. तिसऱ्या दिवशी भुजपर्यंतचा सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो, म्हणून ती रात्र भुजच्या साध्या हॉटेलात. चौथी आणि पाचवी रात्र कच्छच्या बन्नी भागात, होडका गावाच्या आसपास, भुंग्यात, म्हणजे मातीच्या गोल घरात. उरलेल्या दोन रात्री परतीच्या वाटेवर जमेल तशा. या आराखड्यात खास रात्री चारच आहेत, पण त्या चारही नीट पदरात पडतात.

कोणत्या भागात काय शोधावे

येथे सगळ्या राज्यांची यादी देण्यात अर्थ नाही. आपण ज्या भागात जाणार त्या भागातले पारंपरिक घर कशाचे आणि कसे असते, एवढे आधी वाचून ठेवले तर शोधताना नेमका शब्द हाती येतो. "कच्छ हॉटेल" असे शोधणाऱ्याला हॉटेले मिळतात आणि "भुंगा" असे शोधणाऱ्याला भुंगा मिळतो.

भुंगा म्हणजे मातीच्या जाड भिंतींचे, शंकूसारख्या गवती छपराचे गोल घर. आत भिंतीवर मातीचे उठावदार नक्षीकाम आणि त्यात बसवलेले आरशाचे तुकडे असतात. रात्री एक छोटा दिवा लावला तरी ते तुकडे तो उजेड खोलीभर वाटून देतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात चौकोनी पक्की घरे मोठ्या संख्येने कोसळली, पण नीट बांधलेले भुंगे बऱ्याच अंशी टिकले, कारण गोल भिंतीला कमकुवत कोपरा नसतो. हे कळले की त्या खोलीकडे पाहण्याची नजरच बदलते. मात्र आज "भुंगा" या नावाखाली सिमेंटच्या गोल खोल्याही विकल्या जातात. माती दिवसा थंड आणि रात्री उबदार राहते, सिमेंट तसे करत नाही, म्हणून भिंत कशाची आहे हे विचारणे हा चोखंदळपणा नसून झोपेचा प्रश्न आहे. पांढरे रण साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाहण्यासारखे असते. पौर्णिमेच्या आसपास दर चढतात आणि गर्दीही होते, त्यामुळे शांतता हवी असेल तर पौर्णिमा टाळावी. त्या भागात जाण्यासाठी परवाना लागतो, तेव्हा ओळखपत्र जवळ असू द्यावे.

तमिळनाडूतील चेट्टिनाड हे दुसरे टोक आहे. ब्रह्मदेश, मलाया आणि सिलोनमध्ये सावकारी व व्यापार करणाऱ्या नगरत्तार चेट्टियारांनी कारैकुडी, कानाडुकात्तान आणि आसपासच्या गावांत जी घरे बांधली, त्यांचा दर्शनी दरवाजा एका रस्त्यावर आणि मागचा दरवाजा पुढच्या रस्त्यावर उघडतो. ब्रह्मी सागाचे खांब, आत्तंगुडीच्या हाताने ओतलेल्या रंगीत फरश्या, आणि चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालून घोटलेला असा गिलावा की भर उन्हाळ्यातही भिंतीला हात लावला तर संगमरवराला लावल्यासारखा वाटतो. यांपैकी काही घरे आता हॉटेले झाली आहेत. इथे खोली निवडताना एकच आग्रह धरावा: खोली आतल्या चौकाला लागून असावी. दुपारी बारा ते चार या वेळात बाहेर फिरणे शक्य नसते. त्या वेळी चौकाच्या कडेच्या ओट्यावर, खांबाला पाठ टेकून बसणे हाच तिथला कार्यक्रम असतो, आणि रस्त्याकडेच्या नव्या खोलीत राहणाऱ्याला तो मिळत नाही.

बोटींबाबत आपल्याकडे एक गोंधळ कायम होतो. केरळातील केट्टुवळ्ळम ही मूळची भातवाहू नौका आहे, तिच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने बांधतात, आणि ती अलप्पुळा व वेंबनाड भागात खरोखर चालते. श्रीनगरची हाउसबोट देवदाराची, आतून कोरीव छताची, पण जागेवर उभी असते. तिच्यापर्यंत शिकारा नावाच्या छोट्या नावेतून जावे लागते. "बोट कधी सुटणार?" असे दल सरोवरात विचारणारे पाहुणे मी पाहिले आहेत, आणि केरळात बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास थांबते म्हणून नावाड्याशी भांडणारेही पाहिले आहेत. ती थांबते ते मच्छीमारांना जाळी टाकता यावीत म्हणून. केरळातील साध्या पॅकेजमध्ये वातानुकूलन बहुधा रात्री नऊ ते सकाळी सहा एवढेच चालते, हेही आधी समजून घ्यावे. श्रीनगरात दलपेक्षा निगीन सरोवर शांत आहे, पण बाजारापासून लांब पडते. डिसेंबरच्या २१ तारखेपासून सुरू होणाऱ्या चिल्ले कलानच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या, चाळीस दिवसांत तर बोटीत बुखारी (खोली तापवणारी शेगडी) किती वाजेपर्यंत पेटती ठेवतात हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ठरतो. केरळात मी स्वतः बोटीत एकच रात्र काढण्याचा आणि पुढचे दोन दिवस काठावरच्या एखाद्या जुन्या घरात, शक्य असल्यास चार बाजूंनी बांधलेल्या नालुकेट्टूत, राहण्याचा सल्ला देईन. बोटीतून काठ दिसतो हे खरे, पण काठावरची माणसे भेटत नाहीत.

ईशान्येकडे वास्तूपेक्षा माणसांचा भाग मोठा आहे. आसाममधील माजुली या नदीतल्या बेटावरील मिसिंग लोकांचे चांगघर बांबूच्या खांबांवर उभे असते, पुराचे पाणी खालून जावे म्हणून. जमीन फोडलेल्या बांबूची असल्यामुळे प्रत्येक पावलाला करकरते, आणि रात्री कोण उठले हे साऱ्या घराला कळते. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर असतो, तेव्हा हा मुक्काम हिवाळ्यातच करावा. मेघालयात खासी समाजात वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते, म्हणून अनेक ठिकाणी घराची खरी मालकीण आणि यजमानीण तीच असते. भाडे, जेवण, वेळ यांबद्दल घरातल्या पुरुषाशी बोलत बसण्यापेक्षा थेट तिच्याशी बोलावे. नोंग्रियाटच्या, झाडांच्या जिवंत मुळांपासून घडवलेल्या दुमजली पुलाजवळ राहायचे असेल तर तिर्ना गावापासून तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात आणि, हे लोक विसरतात, दुसऱ्या दिवशी त्या चढाव्याही लागतात. नागालँड आणि मिझोराममध्ये रविवारी दुकाने बंद असतात आणि घरची मंडळी चर्चला जातात, तेव्हा त्या दिवशी दुपारी पोहोचून गरम जेवणाची अपेक्षा ठेवू नये. १ ते १० डिसेंबर या काळात कोहिमाजवळ हॉर्नबिल महोत्सव असतो. त्या दिवसांतली घरे काही महिने आधीच भरतात. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे इतर राज्यांतील भारतीयांना इनर लाइन परमिट लागते, ते मुक्काम ठरवण्याच्या वेळीच काढावे.

लडाख आणि स्पीतीतील गावघरांबद्दल एक इशारा पुरेसा आहे. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि स्पीतीतील लांगझा सुमारे ४,४०० मीटरवर. आकाश कितीही सुंदर असले तरी पहिल्याच रात्री उंचावरच्या गावात मुक्काम करू नये. लेहला निदान दोन रात्री विश्रांती घ्यावी आणि स्पीतीत आधी खाली काझाला थांबावे. तिथे कोरडा संडास असतो. मातीच्या जमिनीत चौकोनी भोक, कडेला माती किंवा राखेचा ढीग आणि त्यात रोवलेले फावडे. काम झाल्यावर दोन फावडी माती टाकायची आणि पाणी मुळीच ओतायचे नाही. पाणी ओतले की खत तयार होत नाही आणि दुर्गंधी सुटते. घरातल्या मंडळींना हे सहलीआधी सांगून ठेवावे, तिथे पोहोचल्यावर नव्हे.

राजवाड्यांवर मी फार लिहीत नाही, कारण त्यांची जाहिरात भरपूर होते. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अनेक घराण्यांना वाडे सांभाळण्यासाठी हॉटेलाचा मार्ग धरावा लागला. केंद्राच्या वर्गीकरणात १९५० पूर्वीची वास्तू वारसा हॉटेल म्हणून पात्र ठरते, त्यामुळे "हेरिटेज" या शब्दावरून चार शतकांचे वय गृहीत धरू नये. जोधपूरचा उमेदभवन १९२९ ते १९४३ या काळात बांधला गेला. तो भव्य आहे, पण जुनाट नाही. याच पैशात, आणि बऱ्याचदा याहून फारच कमी पैशात, शेखावटीतील नवलगढ किंवा मंडावा येथे व्यापाऱ्यांच्या चित्रांनी भरलेल्या हवेलीत दोन-तीन रात्री राहता येते, आणि माझा कौल तिकडेच आहे.

फोटो आणि अभिप्राय कसे वाचावेत

एका जुन्या हवेलीत मी खोली आरक्षित केली होती. फोटोत रंगवलेली कमान, लाकडी दरवाजा, चौकात झाड, सारे होते. पोहोचल्यावर व्यवस्थापकाने त्या कमानीखालून, त्या चौकातून, त्या झाडाजवळून आम्हाला मागच्या अंगणात नेले. तिथे नवी तीनमजली इमारत होती आणि आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर प्लास्टरचा झरोका चिकटवलेला, त्यामागे विटा. हवेलीत फक्त जेवणघर आणि दुकान होते. फसवणूक म्हणावी तर म्हणता येत नव्हती, कारण खोलीचे फोटो दिलेले होते. मीच कमानीकडे पाहत राहिलो होतो.

तेव्हापासून मी फोटो उलट क्रमाने पाहतो. दर्शनी भाग शेवटी, स्नानगृह सगळ्यात आधी. स्नानगृहाचा फोटो नसेल तर तो मागवावा. मग खोलीची खिडकी पाहावी: ती बाहेर उघडते की चौकात, की नुसती भिंतीला लावलेली चौकट आहे. मग छत पाहावे, कारण सजावट करणारा माणूस छताकडे बहुधा दुर्लक्ष करतो. लाकडी तुळया किंवा दगडी पट्ट्या दिसल्या तर खोली मूळ वास्तूतली, आणि सपाट प्लास्टर ऑफ पॅरिस दिसले तर शंका घ्यावी. एकाच खोलीचे सहा फोटो आणि बाकीच्या खोल्यांचा एकही नाही, असे असेल तर दाखवलेली ती एकच खोली चांगली आहे असे समजावे.

अभिप्राय वाचताना गुणांच्या सरासरीपेक्षा तक्रारींचा विषय महत्त्वाचा असतो. "टीव्ही नव्हता", "लिफ्ट नाही", "कोंबडा पहाटे चारला आरवतो" अशा तक्रारी वाचून मला उलट हायसे वाटते. "चादरी ओल्या", "दाराला आतून कडी नीट लागत नाही", "मालक कधीच भेटला नाही", "सांगितलेली खोली दिली नाही" या तक्रारी दोन वेगवेगळ्या माणसांनी केल्या असतील तर ती जागा सोडून द्यावी. नुकताच झालेला पावसाळा गाठून त्या महिन्यांतले अभिप्राय मुद्दाम वाचावेत. कौलारू किंवा गवती छपराचे खरे रूप तेव्हाच कळते.

दहा मिनिटांचा फोन

अशा जागेबाबत मी फोनवर बोलल्याशिवाय पैसे भरत नाही. संकेतस्थळावरून आरक्षण करायचे असले तरी आधी फोन करावा, कारण समोरचा माणूस कसा बोलतो यावरून घराचा निम्मा अंदाज येतो. प्रश्न मोजके, पण नेमके असावेत. आमची खोली मूळ घरात आहे की नव्या भागात, आणि तिचा क्रमांक किंवा नाव काय. तोच क्रमांक लिखित निरोपात मागावा. घरचे लोक तिथेच राहतात का. गरम पाणी नळाला येते की बादलीतून मिळते, आणि कोणत्या वेळेला. वीज गेली तर पंख्यापुरती तरी सोय आहे का. शेवटचा किती रस्ता पायी आहे आणि किती पायऱ्या आहेत. हा शेवटचा प्रश्न गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांसाठी सगळ्यात मोलाचा असतो, कारण जुन्या हवेल्यांच्या पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या असतात आणि चांगघराला तर खाचा पाडलेला ओंडकाच शिडी म्हणून असू शकतो.

जेवणाबद्दल वेगळे बोलावे. "शाकाहारी मिळेल का?" या प्रश्नाला सगळीकडे "हो" असेच उत्तर येते. त्याऐवजी "आमच्यासाठी रात्री काय कराल?" असे विचारावे. उत्तरात पदार्थांची नावे आली तर निश्चिंत व्हावे. "जे सांगाल ते" असे आले तर काहीच ठरलेले नाही असे धरावे. ईशान्येत आणि किनाऱ्यावर शाकाहाराचा नेमका अर्थ सांगावा, म्हणजे मासे नाहीत, सुकट नाही, अंडे चालेल की नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही. आणि उलट बाजूने, घरी जे शिजते तेच खाण्याची तयारी असेल तर तसे आवर्जून सांगावे, नाहीतर पाहुणे म्हणजे पनीर आणि फ्लॉवर असा यजमानांचा समज झालेला असतो आणि कोडगूतल्या (कूर्गमधल्या) एखाद्या जुन्या घरातही आपल्या ताटात पनीर बटर मसाला येतो.

कोकणात हे मी नेहमी करतो. "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशी पाटी लावलेल्या घरात फोन करून मी काकूंना एवढेच विचारतो, "तुमच्याकडे त्या दिवशी काय असेल?" पलीकडून थोडा वेळ शांतता, मग संकोचलेला आवाज, "आमचं काय, साधंच. कुळथाचं पिठलं नि भात." तेच हवे, असे सांगितले की आवाज लगेच मोकळा होतो, आणि पुढचे सगळे प्रश्न सोपे जातात.

पैसे, कर आणि कागदपत्रे

दर ठरवताना तो खोलीचा आहे की माणशी, त्यात जेवणे किती आणि कर धरला आहे का, हे तिन्ही एकाच निरोपात लिहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ७,४०० आणि ७,६०० रुपयांच्या खोल्यांत प्रत्यक्ष फरक दोनशेचा राहत नाही, जवळपास बाराशेवर जातो. ज्याची नोंदणीच नाही असा छोटा घरमालक जीएसटी लावू शकत नाही. लावत असेल तर बिलावर क्रमांक मागावा. आगाऊ रक्कम एक रात्रीच्या भाड्याहून अधिक देऊ नये आणि रद्द करण्याची अट आधी विचारावी. दुर्गम गावांत मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय नेटवर्कवर अवलंबून असते, म्हणून दोन रात्रींचे पैसे रोख जवळ ठेवावेत.

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या ब्रेड अँड ब्रेकफास्ट योजनेत गोल्ड आणि सिल्व्हर असे दोन वर्ग आहेत, खोल्या जास्तीत जास्त सहा आणि घरमालक तिथे राहत असणे आवश्यक आहे. राज्यांच्याही स्वतःच्या नोंदणी योजना आहेत. नोंदणी आहे म्हणून घर चांगलेच असेल असे नाही, पण तक्रारीची वेळ आली तर जाण्यासाठी एक दार असते. सोबत परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक असतील तर ते आधीच सांगावे. अशा पाहुण्यांची माहिती यजमानाला २४ तासांत ठरलेला फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते आणि ज्याची ती व्यवस्था नाही तो ऐनवेळी खोली नाकारतो. ओळखपत्राची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार द्यावे.

विश्रामगृहे आणि धर्मशाळा

वनखात्याची आणि बांधकाम खात्याची जुनी विश्रामगृहे हा एक दुर्लक्षित खजिना आहे. ऐसपैस व्हरांडा, उंच छत, अंगणात वडाचे झाड आणि रात्री पूर्ण शांतता. अडचण एवढीच की अधिकारी दौऱ्यावर आले तर आपले आरक्षण रद्द होऊ शकते. म्हणून तिथे राहताना जवळच्या गावात दुसऱ्या जागेचा फोन क्रमांक खिशात असलाच पाहिजे. शिधा बहुधा आपणच न्यावा लागतो आणि खानसामा तो रांधून देतो.

तीर्थक्षेत्री भक्तनिवास, मठ आणि सराया यांचा विचार करावा. शेगाव किंवा पंढरपूरचा अनुभव असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. फक्त नियम त्यांचे असतात आणि ते पाळायचे असतात. गुरुद्वाराच्या सरायीत तंबाखू आणि मद्य वर्ज्य, डोके झाकलेले. जैन धर्मशाळेत सूर्यास्तानंतर जेवण नाही, तेव्हा संध्याकाळी सातला पोहोचून भोजनालय शोधू नये. काही ठिकाणी एकट्या प्रवाशाला खोली देत नाहीत. एकट्याने जाणाऱ्यांनी हे आधी विचारावे.

पोहोचल्यावर

सामान उतरवण्याआधी खोली पाहावी. नळ सोडून पाहावा, गादी दाबून पाहावी, कडी लावून पाहावी. खोली ठरल्याप्रमाणे नसेल तर त्याच वेळी, शांतपणे आणि निरोपातला मजकूर दाखवून बोलावे. बॅगा उघडल्यावर बोलण्याला वजन राहत नाही. खोली ठीक असेल तर मात्र बारीकसारीक तक्रारी सोडून द्याव्यात. शंभर वर्षांच्या दाराचा आवाज होणारच.

मग घरच्या माणसाला घर दाखवायला सांगावे. हे बहुतेक पाहुणे करत नाहीत. पावसाचे पाणी कुठे जाते, ही खोली आधी कशाची होती, धान्य कुठे साठवत, बाळंतिणीची खोली कोणती, असे विचारले की मालक स्वतः पुढे होऊन कुलूपबंद दारे उघडतो. कानाडुकात्तानला एका वृद्ध राखणदाराने आम्हाला चौकाच्या चारही कोपऱ्यांत ठेवलेली भांडी दाखवली होती, छपराचे पाणी पन्हाळीतून त्यांत उतरावे म्हणून ठेवलेली, आणि मग "यंदा पाऊस नाही" म्हणून त्यांतले एक उलटे करून त्यावर बसला होता.

देवघर, स्वयंपाकघर आणि माणसे यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. पाणी जपून वापरावे. कच्छमध्ये आणि स्पीतीत ते कोणीतरी वाहून आणलेले असते. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि डायपर परत शहरात न्यावेत, कारण गावात ते जाळण्याखेरीज दुसरा उपाय नसतो. बक्षिसी द्यायची तर निघताना आणि सगळ्यांसाठी मिळून एकाच्या हाती द्यावी, आणि घरातल्या मुलांच्या हातात पैसे देऊ नयेत.

निघताना काही खटकले असेल तर ते मालकाला तोंडावर सांगावे आणि ते सुधारतात का पाहून मगच कुठे लिहावे. चांगले वाटले असेल तर अभिप्रायात खोलीचा क्रमांक, गरम पाण्याची वेळ, पायऱ्यांची संख्या आणि जेवणातले पदार्थ लिहावेत. यजमानाचा फोन क्रमांक घराच्या आणि गावाच्या नावासह जपून ठेवावा. पुढच्या खेपेला त्या भागात कुठे राहावे हे विचारायला त्याच्याइतका चांगला माणूस सहसा सापडत नाही.